माती चंदगडची, वीज शरावतीची

आमच्या घरी ॲल्युमिनियमला कुणी ॲल्युमिनियम म्हणत नसे. ते 'जर्मन'. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनची परात. आजीला अखेरपर्यंत वाटायचं की हा धातू बोटीनं जर्मनीहून येतो. तिचं माहेर चंदगडकडचं. बाची-शिनोळी ओलांडून पुढं गेलं की डोंगरमाथ्यावर जांभ्याचे सपाट, उघडे सडे लागतात, पावसाळ्यात फुलांचे आणि उन्हाळ्यात नुसते भाजणारे. त्या सड्यांच्या पोटात तिच्या पातेल्याचा धातू भरून होता. ती आयुष्यभर त्यावरून चालत माहेरी गेली.

आज त्याच सड्यांवरचं बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमची कच्ची माती, ताडपत्री घातलेल्या ट्रकांतून बेळगावकडे येतं. शहराजवळच्या यमनापूरच्या कारखान्यात त्याची पांढरी पूड, म्हणजे ॲल्युमिना, होते; धातू त्यातून निघतो. मध्ये एक राज्याची हद्द लागते. हद्द म्हटली की आमच्याकडे चहा गार होईपर्यंत वाद. एका बाजूचा म्हणतो, "माल आमचा, कारखाना त्यांचा." दुसऱ्या बाजूचा म्हणतो, "चिखल आमच्याकडं, रॉयल्टी तिकडं." दोघांचंही थोडं खरं आहे. पण या वादात मूळ प्रश्न हरवतो, असं मला वाटतं. धातूचा उद्योग कुठं उभा राहतो आणि कुठून उठून जातो हे खाण कुणाच्या हद्दीत आहे त्यावर ठरत नाही. ते ठरतं भट्टीखाली काय जळतं आणि ते कुणाच्या हातात आहे यावर. आपण गेली साठ-सत्तर वर्षं मातीवरून भांडलो आणि विजेकडे बघितलंच नाही.

मी फौंड्रीवाला माणूस. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतण्यात गेली. म्हणून माझी नजर आधी विजेच्या बिलाकडे जाते, हे कबूल करतो. कोकवर चालणारी कुपोला भट्टी होती तेव्हा कोकचा भाव बघायचो, विजेवरची इंडक्शन फर्नेस आली तेव्हापासून मीटर बघतो. एकदा हीट, म्हणजे भट्टीतला घाणा, पूर्ण वितळली होती, ओतायचं लॅडल तापवून तयार, आणि लाईट गेली. फर्नेसवरचे मामा मला म्हणाले, "मालक, लोखंड कुठं जात नाही, खरं आता ते लोखंड राहिलं नाही, दगड झाला की." अर्ध्या टनाचा तो दगड फोडून काढायला दोन दिवस लागले. माल तोच, माणसं तीच, भट्टी तीच. गेली होती ती फक्त वीज.

ही गोष्ट नवी नाही. सह्याद्रीत धावड समाज लोखंड गाळत असे. महाबळेश्वरच्या परिसरातल्या त्यांच्या भट्ट्यांच्या नोंदी इंग्रजी अमदानीत झाल्या आहेत. दगड डोंगरातला, कोळसा जंगलातल्या लाकडाचा, भाता हाताचा. हा धंदा का बुडाला? दगड संपला म्हणून नाही, तो आजही तिथंच पडून आहे. एकीकडून विलायती लोखंड स्वस्तात उतरू लागलं आणि दुसरीकडून १८७८ च्या वनकायद्यानं जंगलाला कुंपण पडलं. कोळसा पाडायची मुभा गेली, भट्टी विझली. धावडवाडी नावं तेवढी उरली. देशातला जुना धातुउद्योग बुडाला तो खाण गेली म्हणून नव्हे, सरपण गेलं म्हणून.

बेळगावच्या इतिहासात याची दुसरी बाजू आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ मध्ये बेळगावात त्यांनी भावासोबत सायकलींचं दुकान काढलं, पुढं कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले. लोखंडाच्या नांगरानं जमीन विषारी होते अशी तेव्हाच्या शेतकऱ्याची समजूत होती, त्यामुळे पहिला नांगर विकायलाच वर्षं गेली. पुढं नगरपालिकेला जागा हवी झाली आणि १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर गेला. याबद्दल बेळगावकर अजून हळहळतात. उद्योग बेळगावातून जायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, एवढंच म्हणून मी पुढं जातो. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती नंतरची गोष्ट. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो, तलवारीचा विळा झाल्यासारखी. मला मात्र ती ऐकताना धसका बसतो. ओतणारा कारागीर आहे, गिऱ्हाईक आहे, भट्टी आहे, आणि ओतायला देशाचं लोखंड एवढं कमी की किल्ल्यावरच्या तोफा उतरवाव्या लागल्या!

तोवर साकचीची, म्हणजे पुढच्या जमशेदपूरची, भट्टी पेटली होती. टाटांनी १९०७ मध्ये कंपनी उभी केली, तेव्हा परदेशी सावकारांनी हात वर केले म्हणून भांडवल मुंबईत मागितलं आणि सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत ते भरलं. स्वदेशीचे दिवस होते ते. डिसेंबर १९११ मध्ये पहिलं कच्चं लोखंड निघालं, १९१२ मध्ये पोलाद. साकची निवडली गेली ती नुसत्या मयूरभंजच्या लोहदगडामुळे नाही. झरियाचा दगडी कोळसा रेल्वेच्या पल्ल्यात होता म्हणून. लोहदगड बेल्लारीत, गोव्यात, आमच्या रेडीतही होता. कोळसा नव्हता.

आणि कोळसा असूनही टाटांचं पोलाद युद्धानंतर बेल्जियम-इंग्लंडच्या स्वस्त मालापुढं टिकेना. मग १९२४ मध्ये पोलादाला जकातीचं संरक्षण देणारा कायदा झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गांधीजी बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. इकडं टिळकवाडीत देशभरातले लोक चरख्यावर बोलत होते आणि तिकडं जमशेदपूरच्या भट्टीसाठी खिळे-पत्रे घेणाऱ्या प्रत्येकाला चार पैसे जास्त मोजावे लागत होते. ते मोजावेत की नाही, यावर तेव्हा खरी चर्चा झाली. संरक्षण कशाला, किती वर्षं, भार कुणावर, हे विचारलं गेलं. आज एखादा नेता 'प्रकल्प आणतो' म्हणतो तेव्हा यातला एकही प्रश्न कुणी विचारत नाही.

म्हैसूर संस्थानानं वेगळी वाट धरली, आणि ती आपल्या जवळची म्हणून मला जास्त बोलकी वाटते. भद्रावतीला लोहदगड होता, केम्मणगुंडीचा. दगडी कोळसा नव्हता. मग विश्वेश्वरय्यांच्या पुढाकारानं लाकडी कोळशावर चालणारी झोतभट्टी उभी राहिली आणि १९२३ मध्ये पेटली. म्हणजे धावडांचीच भट्टी, फक्त संस्थानाच्या ताकदीची. तिनं मलनाडचं जंगल खाल्लं. १९५२ मध्ये जोगच्या विजेवर विद्युतभट्ट्या आल्या. भद्रावतीनं इंधनाचा विचार बदलला, पण दगडाचा बदलला नाही. बदलावा लागलाच नाही, कारण अडचण दगडाची कधी नव्हतीच.

आता ॲल्युमिनियमकडे येतो, कारण इथं हिशोब जास्त स्वच्छ दिसतो.

बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात शिजवलं की ॲल्युमिना वेगळा निघतो, मागे लाल चिखल उरतो. हे काम उष्णतेचं आणि रसायनाचं, ते कुठंही होतं. पुढचं काम मात्र निव्वळ विजेचं. ॲल्युमिना क्रायोलाइट या वितळलेल्या क्षारात विरघळवून साडेनऊशे अंशांच्या वर ठेवायचा आणि त्यातून अखंड विद्युतप्रवाह सोडायचा. खाली धातू जमतो. एका टनाला साधारण १५,००० युनिट धरा, जुन्या कारखान्यांत त्याहून जास्त. वर्षाला ५०,००० टन धातू काढणारं मध्यम स्मेल्टर, म्हणजे धातू गाळायचा कारखाना, घेतलं तर ७५ कोटी युनिट, म्हणजे दिवसरात्र सुमारे ८५ मेगावॅट. युनिटला एक रुपया वाढला की वर्षाला ७५ कोटींचा फटका. आणि चार-पाच तास वीज गेली तर पॉटमधला, म्हणजे हे काम चालतं त्या टाकीतला, धातू गोठतो. माझ्या अर्ध्या टनाच्या दगडाला दोन दिवस लागले होते. इथं पॉटांच्या रांगाच्या रांगा असतात.

म्हणून भारतातल्या ॲल्युमिनियमचा नकाशा काढला तर तो बॉक्साइटचा नकाशा होत नाही, धरणांचा होतो. कॅनडाच्या कंपनीची १९३८ मध्ये निघालेली इंडियन ॲल्युमिनियम, म्हणजे इंडाल, हिनं १९४३ मध्ये केरळात आलुव्याजवळच्या आलुपुरमला धातू काढायला सुरुवात केली. कारण त्रावणकोर संस्थानाची पल्लिवासलची जलविद्युत. ॲल्युमिना? तो कॅनडाहून जहाजानं यायचा. मुरीचा ॲल्युमिना कारखाना १९४८ मध्ये आला तेव्हा कुठं देशी माती वापरात आली. तोवर त्या 'भारतीय' ॲल्युमिनियममध्ये भारतीय होती ती वीज. आणि तेवढ्यावर त्याला भारतीय म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. पुढं हिराकूड धरणाशेजारी १९५९ मध्ये स्मेल्टर, रिहंदच्या विजेवर १९६२ मध्ये रेणुकूट, मेट्टूर धरणाशेजारी मद्रास ॲल्युमिनियम. त्याच ओळीत १९७० च्या सुमारास बेळगाव. शरावतीवर लिंगनमक्कीचं धरण १९६४ मध्ये झालं होतं, म्हैसूर राज्यात वीज मुबलक आणि स्वस्त होती. इंडाल बेळगावला आली ती या विजेच्या तारेमागून. चंदगडचं बॉक्साइट जवळ होतं ही सोय झाली.

इथं हद्दीचा मुद्दा घेऊ. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूरला गेला, 'चंदगड तालुका वगळून'. त्या तीन शब्दांनी सडे एका राज्यात राहिले आणि रेल्वे, बाजारपेठ, शहर दुसऱ्या राज्यात. त्या १ नोव्हेंबरचं दुःख आमच्या घरातही आहे, दरवर्षी काळा दिन पाळत आम्ही मोठे झालो. तरीही एक गोष्ट आपल्या लोकांना सांगायला हवी, त्यांना ती आवडणार नाही. बेळगाव महाराष्ट्रात असतं तर हा धातुउद्योग फळफळला असता, असं आपण गृहीत धरतो. मग रत्नागिरीकडे बघा. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या बाल्को या सरकारी कंपनीचे दोन प्रकल्प ठरले होते. एक कोरबा. दुसरा कोयनेच्या विजेवर आपल्याच सह्याद्रीच्या बॉक्साइटसाठी, रत्नागिरीत. जमीन संपादन झाली, शेकडो एकर. माती महाराष्ट्राची, धरण महाराष्ट्राचं, बंदर महाराष्ट्राचं. स्मेल्टर आजतागायत नाही. कोरबा मात्र १९७५ मध्ये सुरू झालं, कारण तिथं कोळसा पायाखाली होता. रत्नागिरीच्या त्या जमिनीच्या मालकांना विचारा, मराठी राज्यात असण्याचा धातूच्या बाबतीत किती फायदा झाला.

बेळगावचं काय झालं? रायचूरचं औष्णिक केंद्र १९८५ मध्ये येईपर्यंत कर्नाटकाची वीज जवळपास सगळी पावसावर होती. पाऊस चुकला की कपात, आणि कपातीत पहिली कुऱ्हाड जास्त वीज खाणाऱ्या कारखान्यावर. त्यात एक विलक्षण गंमत आहे. १९७० च्या ॲल्युमिनियम नियंत्रण आदेशानं निम्मं उत्पादन वीजवाहक दर्जाचं, म्हणजे तारांसाठी काढणं बंधनकारक होतं. धोरण म्हणून मी त्याला वाईट म्हणणार नाही. देशाला तांबं परवडत नव्हतं आणि खेडोपाडी वीज न्यायची होती. त्या तारा गावोगाव गेल्या, तारांवर पंप बसले, पंपांवर ऊस. गोकाक, अथणी, चिकोडी, हुक्केरी, सगळा जिल्हा उसानं हिरवा झाला. पंपाची वीज स्वस्त ठेवायची म्हणून तिचा भार उद्योगाच्या दरावर पडत गेला. आणि त्या दरानं स्मेल्टर गुदमरलं. तारेसाठी धातू काढणारा कारखाना तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या पंपापुढं हरला. मी उसाच्या विरोधात नाही, माझ्याही मामाचा ऊस आहे. पण ही निवड आपण केली, कुणी परक्यानं लादली नाही, आणि ती करताना कुणी मोठ्यानं बोललं नाही.

हिंदाल्कोनं १९६७ मध्येच रेणुकूटजवळ रेणुसागर हे स्वतःचं वीज केंद्र बांधलं होतं. नाल्को ही सरकारी कंपनी कोळशाच्या उशाशी, ओडिशात अंगुलला स्वतःच्या वीज केंद्रासह उभी राहिली. ज्यांची वीज स्वतःची ते टिकले. ज्यांची वीज सरकारी तारेवरची ते मिटले. आलुपुरमच्या पॉटरूम, म्हणजे पॉटांच्या शेड, बंद झाल्या, बेळगावच्याही. २००० मध्ये इंडाल हिंदाल्कोकडे गेली. बेळगावात आज ॲल्युमिना निघतो, आणि त्यातला पुष्कळसा धातूसाठी नाहीच: भट्टीच्या विटा, सिरॅमिक, तुरटी. हे काम फालतू नाही. माझ्या फर्नेसच्या अस्तरात तो माल असतो आणि शहराच्या पाण्यात त्याची तुरटी असते. पण ज्या पॉटरूमनी इथल्या शेकडो मराठी-कानडी घरांना पहिला पगार दाखवला, त्या गेल्या.

मग आता मागायचं काय? निवडणूक आली की कुणीतरी उठतो आणि 'स्मेल्टर पुन्हा सुरू करू' म्हणतो. ते मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सौंदत्तीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, पावगड्याला सौर वीज आहे, हे खरं. पण पॉटला रात्री दोन वाजताही तेवढीच वीज लागते, आणि रात्री सूर्य नसतो. साठवणीची वीज स्वस्त होईल तेव्हा बघू. त्यासाठी शरावतीच्या खोऱ्यात आणखी जंगल तोडून पाणी वर-खाली करायच्या योजना चालू आहेत, त्यांना माझा पाठिंबा नाही. धावडांचं जंगल गेलं, भद्रावतीनं मलनाड जाळलं. तिसऱ्यांदा तीच किंमत मोजायला नको.

मागायचं ते लहान आणि रटाळ आहे, म्हणून कुणी मागत नाही. जुनं ॲल्युमिनियम वितळवून नवं करायला मूळ विजेच्या सुमारे पाच टक्के वीज पुरते. बेळगावात ओतणारे हात आहेत, पॅटर्न करणारे आहेत, मशीन शॉप आहेत. जिल्ह्यातल्या हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात आणि त्यांच्यासाठी लागणाऱ्या दर्जेदार ॲल्युमिनियमचा मोठा भाग परदेशातून येतो. इथं भंगार वेगळं करून, तपासून, हव्या त्या मिश्रधातूत ओतणारा एक नीट उद्योग का उभा राहू नये? त्याला ८५ मेगावॅट नको. त्याला हवी सौंदत्तीच्या वाऱ्याची वीज थेट घेण्याची मोकळीक, अधिभारांचा गळफास न लावता, आणि धातूची प्रत तपासणारी एक सार्वजनिक प्रयोगशाळा. उद्यमबागेतल्या लहान फौंड्रीला आज वाऱ्याची वीज विकत घ्यायची म्हटली तर कागदपत्रांतच दम निघतो. मोठ्या ग्राहकाला वकील परवडतो.

दुसरं मागणं हद्दीचं आहे, आणि इथं मी हद्दीवर भांडायला तयार आहे. २०१५ च्या दुरुस्तीनं खाणींच्या रॉयल्टीवर जिल्हा खनिज निधी आला. तो खाण असलेल्या जिल्ह्यासाठी, म्हणजे कोल्हापूरसाठी. योग्यच आहे, सडा त्यांचा खणला जातो. पण एक टन ॲल्युमिनामागे एक ते दीड टन लाल चिखल उरतो आणि तो पडतो शुद्धीकरण होतं त्या जिल्ह्यात. त्याच्यासाठी निधी नाही, कारण कायद्याच्या डोळ्याला खाण दिसते, चिखल दिसत नाही. सिमेंट कारखाने त्यातला काही नेतात, त्याचा वापर आणखी वाढवता येईल. त्यातलं लोखंड, कॉस्टिक द्रावणातला इलेक्ट्रॉनिक्समध्ये लागणारा गॅलियम धातू, यावर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या पोरांनी काम करावं असं किती आहे! चीननं ऑगस्ट २०२३ पासून गॅलियमच्या निर्यातीवर बंधनं घातली, तेव्हा साऱ्या जगाला तो धातू आठवला. तो मुख्यतः बॉक्साइटमधूनच मिळतो. दोन्ही राज्यांनी मिळून खाण ते चिखल असा एक निधी करावा, ही मागणी कोल्हापूरच्या आमदारानं आणि बेळगावच्या आमदारानं एका कागदावर सही करून मांडावी. एकाची सही मराठीत, एकाची कानडीत चालेल.

हे मी परवा चहावर बोललो तेव्हा एक जुना मित्र म्हणाला, "तू सीमाप्रश्न विजेच्या मीटरवर आणून ठेवलास की रे." त्याला राग आला होता. मी म्हटलं, प्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, तो तिथं असू दे, मीटर मात्र दर महिन्याला फिरतो.

गेल्या दिवाळीत घर साफ करताना आजीचं पातेलं निघालं. बूड चेपलेलं, कान तुटलेला. बायकोनं भंगारवाल्याला दिलं. मी त्याला विचारलं, हे जातं कुठं? तो म्हणाला, "जर्मन इथं कोण घेतंय, अण्णा? गाडी भरली की बाहेर पाठवतो." त्यानं ते पायाखाली घालून चपटं केलं, पोत्यात कोंबलं आणि वजनकाटा पुढच्या दाराकडे वळवला.